मास्तर कोण होणार?

एके काळी वसईच्या ख्रिस्ती घरांतील मुलगा मास्तर झाला की आळीला अभिमान वाटे. आज धर्मग्रामातील बारावीच्या मुलांना आम्ही विचारतो, तेव्हा एखादाच हात वर होतो, तोही आईवडिलांकडे चोरून पाहत. आईवडिलांची धास्ती निराधार आहे, असे आम्हांस म्हणवत नाही. डी.एड. करावे, टीईटी उत्तीर्ण व्हावे, भरतीची वाट पाहावी. आणि जिल्हा परिषदेत नेमणूक झालीच, तरी पहिली ३ वर्षे शिक्षणसेवक! २००० साली आरंभलेल्या या योजनेत प्राथमिक शिक्षणसेवकाचे मानधन २०२३ साली रु. १६,००० झाले, तोवर ते अवघे रु. ६,००० होते.

जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर दोन शिक्षकांनी चार-पाच इयत्ता सांभाळायच्या. पहिलीला अक्षरे गिरवायला देऊन चौथीचा भागाकार घ्यायचा. मुलांच्या ओठी वारली, पुस्तकात प्रमाण मराठी. दिवाळीनंतर आईबाप वीटभट्टीवर निघाले की पटावरची मुलेही निघतात. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ ने अशैक्षणिक कामांस मनाई केली खरी, परंतु जनगणना, निवडणूक व आपत्तिनिवारण वगळून. आणि माहितीचे तक्ते भरण्यास अंत नाही.

आमच्या धर्मग्रामातील एक मुलगी अशाच पाड्यावर शिकवते. भट्टीवरून परतलेला तिसरीतला मुलगा धडा न अडखळता वाचू लागला, हे ती मिस्सानंतर आम्हांस सांगत होती. पगाराचा विषय तिने काढलाच नाही. तिच्यासाठी शहरातील एखाद्या कॉन्व्हेंटमध्ये आम्ही शब्द टाकावा, असा वडिलांचा आग्रह आहे. तो टाकू नये, असे ती आम्हांस बजावून गेली आहे.