ग्योझाला मुरड

पुणे-सोलापूर हायवेवर टेंभुर्णीला उतरलात, की हंगामात तीन गोष्टी हमखास दिसतात. उसाच्या ट्रॉल्या, पंढरपूरला निघालेल्या गाड्या आणि चायनीजचा गाडा. जानेवारीतल्या एका शुक्रवारी रात्री मी तिथं उतरले, तेव्हा माझ्या सॅकमध्ये लॅपटॉप होता, सोया सॉसची बाटली होती आणि डोक्यात एक अजब प्लॅन. आईला ग्योझा खायला घालायचे!

ग्योझा म्हणजे जपानी डंपलिंग. मैद्याची पातळ पारी, आत कोबी-आलं-लसणाचं सारण, आकार अर्ध्या चंद्राचा आणि एका बाजूला नाजूक चुण्या. खालून कुरकुरीत, वरून वाफेवर लुसलुशीत. पुण्यात माझ्या रूममेटने (ती जपानी शिकतेय) मला ते पहिल्यांदा खायला नेलं. सहा नगांना साडेतीनशे रुपये! बिल बघून डोळ्यांत पाणी आलं, पण चव काही डोक्यातून जाईना. मग काय, यूट्यूब झिंदाबाद. आमच्या फ्लॅटवर ग्योझा पार्ट्या सुरू झाल्या. एकीने लाटायचं, दुसरीने भरायचं, तिसरीने नुसत्या गप्पा मारायच्या. जाम धमाल!

पण आईला ग्योझा कशासाठी?

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये बाबा गेले. घरात आई एकटी. मी फ्रीलान्सर, म्हणजे आईच्या भाषेत ‘घरात बसून काहीतरी लिहिते’. त्यामुळे सारखं येणं-जाणं मलाच जमतं. फोनवर माझा ठरलेला प्रश्न, ‘जेवलीस का?’ आणि तिचं ठरलेलं उत्तर, ‘हो, खाल्लं काहीतरी.’ ते ‘काहीतरी’ काय, हे मला दिवाळीत कळलं. सकाळचीच भाकरी, शेंगाची चटणी, तीही ओट्याशी उभ्या-उभ्या. पोळपाट भिंतीला टेकवून ठेवलेला. वर्षाच्या आत सण करायचा नाही, म्हणून फराळ नाही. शेजारच्यांनी आणून दिलेले डबे तिने उघडलेही नव्हते.

आमच्याकडे करंज्या म्हणजे तिघांचं काम. मी लाटायचे, बाबा चमचा मापून सारण भरायचे आणि आई मुरड घालायची. ‘पुन्हा कर ना,’ असं तिला कोणत्या तोंडाने म्हणायचं? मी म्हणालेच नाही.

जानेवारीत मात्र एकदम ट्यूब पेटली. करंजी दिवाळीची. मोदक गणपतीचे. दिंड नागपंचमीचे. पुरणपोळी होळीची. आपल्याकडे सारण भरून केलेल्या जवळजवळ प्रत्येक पदार्थाला एक तिथी चिकटलेली आहे! तिथी आली की माणसांची आठवण आलीच. ग्योझाला ना तिथी, ना नैवेद्य, ना बाबांची आठवण. त्याला कोण काय बोलणार?

शनिवारी सकाळी मी मैद्याचा डबा काढला. दोन वाट्या मैदा, चिमूटभर मीठ, पाऊण वाटी कढत पाणी. मळून अर्धा तास झाकून ठेवला.

“हे काय नवीन?” आई दारात उभी.

“जपानी करंजी. म्हणजे मूळची चिनी,” मी लगेच ज्ञान पाजळलं. चीनमधले ज्याओझ जपानमध्ये घरोघरी पोचले ते मुख्यतः दुसऱ्या महायुद्धानंतर. 1945 मध्ये जपान हरला आणि मंचुरियात राहिलेले सैनिक, कुटुंबं मायदेशी परतली. तिथं खाल्लेली चव त्यांच्याबरोबर आली आणि अनेकांनी ग्योझाच विकायला घेतले. (आपल्या गाड्यावरचं मंचुरियन मात्र पक्कं भारतीय, त्याचा मंचुरियाशी संबंध नावापुरताच!) चीनमध्ये ते बरेचदा पाण्यात उकळतात. जपानमध्ये तव्यावर भाजून वाफवायचा प्रकार हिट झाला. आज तिथली शहरं ग्योझावरून भांडतात. विकत आणलेल्या ग्योझावर कुठली घरं जास्त खर्च करतात, याचे सरकारी आकडे येतात. उत्सुनोमिया आणि हामामात्सु हे जुने प्रतिस्पर्धी. हामामात्सु म्हणजे सुझुकीचं हेड ऑफिस असलेलं शहर. 2021 मध्ये मियाझाकीने दोघांनाही मागे टाकलं.

आईला सुझुकीत काही इंटरेस्ट नव्हता. ती एवढंच म्हणाली, “घरदार सोडून आलेली माणसं. पोटासाठी केलं असेल बिचाऱ्यांनी.”

सारणाची वेळ आली. जपानमध्ये आत बहुतेकदा डुकराचा खिमा असतो. बाबा माळकरी, त्यामुळे आमच्या स्वयंपाकघरात तो विषयच नाही. सोयाबीनच्या वड्या भिजवून, पिळून मिक्सरवर फिरवल्या. कोबी बारीक चिरून, मीठ लावून दहा मिनिटं ठेवला आणि घट्ट पिळला. ही स्टेप टाळाल तर पाणी सुटून पारी फाटलीच म्हणून समजा. आलं, लसूण, कांद्याची पात, चमचाभर सोया सॉस. तिळाचं तेल हवं होतं, ते नव्हतं. तिळाचा डबा मात्र काठोकाठ भरलेला. यंदा संक्रांतीला आमच्याकडे हळदीकुंकू नव्हतं आणि तिला कुणाचं बोलावणंही नव्हतं. आईने तो डबा स्वतःच खाली काढला. मी तीळ भाजले, कुटले आणि सारणात घातले.

मग मी पाऱ्या लाटून वाटीने कापल्या आणि चुण्या घालायला बसले. पहिला ग्योझा फाटका, दुसरा वाकडा. तिसऱ्याला आईला राहवलं नाही.

“सरक. अशी घालतात का?”

तिने पारी हातावर घेतली, सारण ठेवलं, कडेला पाण्याचं बोट फिरवलं आणि बघता बघता करंजीची मुरड!

“आई, मुरड नको. एकाच बाजूला चुण्या. पुढची बाजू सपाट.”

“म्हणजे अर्धा मोदक.”

“एकदम बरोबर!”

त्यानंतर मी फक्त लाटलं. तिने एका लायनीत पस्तीस ग्योझा मांडले. सगळे एकाच मापाचे.

पहिला घाणा मी लोखंडी तव्यावर टाकला आणि तो तव्यालाच चिकटला. मग कपाटातला नॉनस्टिक पॅन निघाला. तेल टाकून ग्योझा सपाट बाजूवर बसवायचे. खालून लालसर झाले की पाव वाटी पाणी ओतून लगेच झाकण. चर्रर्र! चार-पाच मिनिटांनी झाकण काढून पाणी पूर्ण आटू द्यायचं. त्या पाण्यात चमचाभर मैदा कालवला, तर ग्योझाभोवती कुरकुरीत जाळी धरते. जपानीत तिला ‘हाने’ म्हणतात, म्हणजे पंख. “ही तर धिरड्याची कड,” आई म्हणाली.

सोबत सोया सॉस आणि व्हिनेगर. जपानी लोक त्यात रायू नावाचं मिरचीचं तेल घालतात. आम्ही सोलापुरी शेंगाच्या चटणीवर गरम तेल ओतलं. माझं ऐकाल तर रायूपेक्षा हेच भारी.

दोन ताटं घेतली आणि खाली बसलो. आईने चार खाल्ले, मग अजून तीन घेतले. मी मनातल्या मनात मोजत होते. आठवा हातात घेऊन ती थांबली.

“तुझ्या बाबांनी सारण मापून भरलं असतं. यात जास्त झालंय बघ.”

माझा फंडा साफ फेल! ज्या पदार्थाला बाबांची आठवण नाही म्हणून मी तो एवढ्या लांबून आणला, त्यातही ते येऊन बसलेच. आई रडली. मीही रडले. मग तिने तो आठवा खाल्ला आणि उठून म्हणाली, “बारा उरलेत. फ्रीजरमध्ये ठेवते.”

पुढच्या गुरुवारी तिचा फोन आला. मी विचारायच्या आधीच म्हणाली, “ते बारा संपले. शेजारच्या काकू येणार आहेत दुपारी, त्यांनाही शिकायचंय. मैदा दोन वाट्या ना? आणि पाणी किती म्हणाली होतीस?”

“पाऊण वाटी. कढत,” मी सांगितलं.

तुम्हीही करून बघा. फक्त एकट्याने नको. पस्तीस चुण्या घालायच्या, तर समोर बोलायला कुणीतरी हवंच!