एका गाडीच्या तीन किंमती

मी सरकारी कार्यालयात कारकून आहे. पदवी कलाशाखेची, विषय मराठी. मोटारीच्या यंत्राशी माझा संबंध पंक्चर काढून घेण्यापुरताच. असं असूनही गेल्या वर्षी, म्हणजे २०२५च्या एप्रिलात, मी एक मोडकळीला आलेली काँटेसा विकत घ्यायला निघालो होतो. घरच्या मंडळींनी एवढंच विचारलं, "ठेवणार कुठं?" उत्तर माझ्याकडे नव्हतं.

या वेडाचं मूळ लहानपणात आहे. पणजीचं जुनं सचिवालय तेव्हा आदिलशहाच्या वाड्यातच होतं. वडिलांचं बोट धरून मांडवीच्या काठानं जाताना तिथं उभ्या असलेल्या गाड्या मी पाहत असे. अँबॅसिडर पुष्कळ असत. पण एखादी काँटेसा उभी असली की पाय अडायचे. लांब नाक, चार दिवे, रुंद छाती. पांढऱ्या बगळ्यांत एखादा पैलवान येऊन बसावा तशी ती दिसायची.

अमेरिकेत ज्यांना मसल कार म्हणतात त्यांची ही गरीब चुलत बहीण, असं पुढं वाचनात आलं. मसल कार म्हणजे मध्यम आकाराच्या गाडीत घातलेलं भलंमोठं इंजिन. १९६४च्या पाँटियाक जीटीओपासून ही जात सुरू झाली असं सहसा मानतात. त्या गाडीचं इंजिन आठ सिलिंडरांचं, ६.४ लिटरचं आणि सव्वातीनशे अश्वशक्तीचं. आमची काँटेसा मुळात इंग्लंडच्या व्हॉक्सहॉल कंपनीच्या गाडीवरून घेतलेली. हिंदुस्थान मोटर्सनं ती १९८४ पासून २००२ पर्यंत बंगालात उत्तरपाड्याला बनवली. सुरुवातीला तिच्यात अँबॅसिडरचंच दीड लिटरचं इंजिन होतं, जेमतेम पन्नास अश्वशक्तीचं. म्हणजे अंग पैलवानाचं आणि दम शाळामास्तरांचा! पुढं जपानी इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन आणि पाच गिअर आले, तेव्हा कुठं ती अंगाला शोभेल अशी पळायला लागली.

तर अशी एक १९९४ची, इसुझू इंजिनाची काँटेसा फोंडा तालुक्यातल्या एका गावात मांगरात पडून असल्याचं कळलं. मालक वडिलांच्या ओळखीचे, मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. २०१४ साली ते वारले आणि गाडी तेव्हापासून हलली नव्हती. घरी काकी एकट्या. एक मुलगा पुण्याला, दुसरा आखातात. भंगारवाला येऊन अठ्ठावीस हजार सांगून गेला होता.

मी एकटा गेलो असतो तर गाडीच्या तोंडाकडे बघूनच हो म्हणून आलो असतो. सुदैवानं आमच्या ओळखीचे एक मेस्त बरोबर आले. चाळीस वर्षं गाड्यांखाली पाठ टेकलेला माणूस. त्यांनी खिशातून तीन वस्तू काढल्या: बॅटरी, स्क्रू ड्रायव्हर आणि फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक. बोनेट उघडायला मी पुढं झालो तर म्हणाले, "पात्रांव, इंजीन मेळटलें, पत्रो मेळचो ना."

जुनी गाडी जोखण्याचं सगळं शास्त्र या एका वाक्यात आहे. इंजिन बिघडलं तर उघडून नीट करता येतं. पत्रा गेला तर तो गेलाच. त्यात काँटेसाला वेगळी चासी नाही. पत्र्याचा सांगाडा हाच तिचा कणा. आपल्याकडे पाऊस शंभर इंचांच्या वर, हवा खारी आणि मांगराची जमीन मातीची. वरचं छप्पर शाबूत असलं तरी खालून ओल चढतच राहते.

मेस्त आडवे झाले. दारांखालची रनिंग बोर्डं, मागच्या चाकांवरच्या कमानी, डिकीचा तळ, बॅटरीखालचा ट्रे, पुढच्या काचेची खालची कड, अशा क्रमानं ते गेले. चुंबक चिकटलं तर पत्रा, घसरलं तर रंगाखाली पुट्टी. डाव्या कमानीवर ते घसरलं. पायाखालचं कार्पेट उचलून त्यांनी स्क्रू ड्रायव्हर टोचला, तर ड्रायव्हरच्या बाजूला तो आरपार गेला. माझ्या पोटात धस्स झालं. बाकी तळ मात्र टणक निघाला. दारं उघडून लावून पाहिली. लोंबत नव्हती, फटी सारख्या होत्या. म्हणजे कणा वाकलेला नाही.

मग इंजिन. बॅटरी जोडून चावी फिरवायचा मोह इथं आवरायचा असतो. अकरा वर्षं बसलेलं इंजिन कोरडं फिरवलं तर धडधाकट असलेलंही मरतं. मेस्तांनी आधी ऑइल पाहिलं. काळं होतं, पण दुधाळ नव्हतं, म्हणजे त्यात पाणी शिरलेलं नाही. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरात थोडं तेल सोडलं, आम्ही चहा घेतला, आणि तासाभरानं पुढच्या पुलीला पाना लावून हातानं ओढलं. आधी हललं नाही. मग चिकट आवाज करत फिरलं. मेस्त हसले. टाकीतल्या पेट्रोलचा मात्र डिंक झाला होता आणि निम्मी वायरिंग उंदरांनी खाल्ली होती.

त्यानंतर त्यांनी जे केलं ते मला सुचलंच नसतं. काय आहे हे सोडून काय नाही ते मोजायला लागले. चार दिवे, मागचे दिवे, पुढची जाळी, चकचकीत पट्ट्या, नावाची अक्षरं, काचा, डॅशबोर्ड, दारांच्या मुठी. सगळं मूळचं आणि सगळं जागेवर. "हे बाजारात मिळत नाही," ते हळूच म्हणाले. "ही तोडून सुटी विकली तर लाखाच्या वर जाईल."

आता माझी पाळी होती. पत्रा त्यांचा प्रांत, कागद माझा. काकींनी डब्यातून आरसी पुस्तक काढून दिलं. इंजिन आणि चासी नंबर गाडीवरच्या नंबरांशी ताडून पाहिले, जुळले. हे महत्त्वाचं. पेट्रोलवाल्या कितीतरी काँटेसांत लोकांनी मागाहून डिझेल इंजिनं बसवली, आणि तशी नोंद पुस्तकात नसली की गाडी कितीही देखणी असो, ती कागदावर अनाथ. या गाडीची पहिली पंधरा वर्षं २००९ला संपली, पुढं पाच वर्षांचं नूतनीकरण झालं आणि २०१४ला तेही सरलं. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ साली व्हिंटेज नोंदणीची वेगळी सोय झाली, पण ती वाट या गाडीला २०४४ पर्यंत बंद. शिवाय पुस्तकावर नाव वारलेल्या माणसाचं. आधी फॉर्म ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर, मग २९ आणि ३० भरून माझ्या. वारस म्हणजे कोण? आपल्या गोव्याच्या कायद्यात संसाराची मिळकत सहसा सामायिक. निम्मी काकींची, उरलेली निम्मी मुलांकडे जाते. म्हणजे दोन्ही मुलांच्या सह्या हव्यात.

गाडीच्या बोनेटवरच मी हिशेब मांडला. नीट केलेली अशी गाडी साडेचार लाखांना जाईल, असा मेस्तांचा अंदाज. पत्रा आणि रंग १,३०,०००. इंजिन, ब्रेक, क्लच ८०,०००. टायर, टाकी, रेडिएटर ५०,०००. सीटा आणि वायरिंग ४०,०००. झाले तीन लाख. त्यावर एक तृतीयांश न दिसणाऱ्या गोष्टींसाठी, कारण रंग खरवडल्यावर भोकं नेहमीच वाढतात. एकूण चार लाख. साडेचारातून चार वजा केले की राहिले पन्नास हजार. दुरुस्त करणाऱ्यानं गाडीला द्यायची ती किंमत एवढीच. बाकी सगळं लहानपणाचं मोल.

तेवढ्यात काकी पायरीवर येऊन बसल्या. "मोल तूंच सांग रे बाबा. म्हाका कितें कळटा? भंगारवाल्यापेक्षा दोन हजार जास्त दे आणि घेऊन जा. तुझ्या बापायचो विश्वास आसलो."

खरं सांगतो, क्षणभर मी गप्प राहिलो. तीस हजारांत गाडी माझी होत होती. खोटं बोलायचीही गरज नव्हती, फक्त न बोलायचं होतं. मेस्त दुसरीकडे बघत हात पुसत होते. ऑफिसात खिडकीपलीकडच्या माणसाला माहीत नसलेलं आपल्याला माहीत असतं, तोच खेळ. त्या खिडकीवर मी वीस वर्षं बसलोय. तिथं कुणाला फॉर्म अडवून ठेवला नाही, असं मी घरी मोठ्या तोंडानं सांगतो.

मी कागद फाडून काकींना दिला. त्यावर तीन आकडे लिहिले. भंगारात २८ हजार. दुरुस्त करणाऱ्याला ५० हजार. तोडून विकली तर एक लाख दहा हजारांपर्यंत. "मी पन्नास देऊ शकतो. पण मुलांना विचारा."

काकी तिसऱ्या आकड्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तोडपाक दिवची ना." तोडायला द्यायची नाही.

त्यांनी मुलांना विचारलं. धाकटा तयार होता. थोरल्याला लाखाचा आकडा कळला आणि तो म्हणाला, घाई नको, आणखी चौकशी करू. त्याचंही चुकलं असं मी म्हणणार नाही. जूनमध्ये पाऊस लागला. ऑगस्टमध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींचं नोंदणी-नूतनीकरणाचं शुल्क पाच हजारांवरून दहा हजार झालं. माझ्या हिशेबातले पन्नास तेव्हाच पंचेचाळीस झाले. ड्रायव्हरच्या बाजूचं भोकही पावसाबरोबर वाढलं असणार.

मंडळी म्हणाली, "बोलला नसतात तर एव्हाना दारात उभी असती." खरं आहे. त्यावर मला अजून नीट उत्तर सुचलेलं नाही.

जुलैत एका रविवारी मी आणि मेस्त जाऊन आलो. गाडी जॅकवर चढवून चारही बाजूंना चिरे लावले, खाली प्लास्टिक अंथरलं, प्लगांत पुन्हा तेल सोडलं, पुली हातानं फिरवली. फिरली. काकींनी फणसाचे गरे बांधून दिले.

गाडी अजून तिथंच आहे. असो.