नकाराचा कौल, होकाराची सही

देश बुडायला लागला की लोक विरोधी बाकांवरच्या तरुण माणसाकडे वळतात. मग त्याच्या भाषणांचं, संघटनेचं, धडाडीचं कौतुक सुरू होतं. मला मात्र वाटतं, अशा वेळी त्याची खरी पुंजी एकच असते. ज्या कागदांनी देश बुडाला, त्यांच्यावर त्याची सही नसते. ग्रीसच्या अलेक्सिस त्सिप्रासकडे ही पुंजी भरपूर होती आणि नेमकी तीच त्याला सहा महिन्यांत खर्चावी लागली.

२००९च्या शरदात ग्रीसमध्ये सरकार बदललं. तिजोरीतली तूट आधी सांगितली गेली त्याच्या दुपटीच्या घरात आहे, असं नव्या सरकारने जाहीर केलं आणि सावकारांनी हात आखडले. मे २०१०मध्ये ११० अब्ज युरोंचं पहिलं कर्ज आलं, सोबत अटी आल्या. पगार कापा, पेन्शन कापा, माणसं कमी करा. काही वर्षांत अर्थव्यवस्था पाव हिश्श्याने आटली. २०१३मध्ये बेकारी २७ टक्क्यांच्या आसपास होती आणि काम शोधणाऱ्या तरुणांत निम्म्याहून जास्त रिकामे होते. त्याच वर्षी अर्थमंत्रालयाने आपल्या ५९५ सफाई कामगार बायकांना घरी बसवलं. लाल रबरी हातमोजे घालून त्या महिनोन् महिने मंत्रालयासमोर ठिय्या देऊन राहिल्या. अब्जांच्या आकड्यांतून मला जे कळलं नाही, ते त्या हातमोज्यांच्या फोटोंमधून कळलं. फरशी पुसणाऱ्या बाईच्या पगारात काटछाट करून कुठल्या देशाचं कर्ज फिटतं?

या अटींवर सह्या दोन्ही जुन्या पक्षांच्या होत्या, आणि दोन्ही पक्ष घराण्यांचे. पापांद्रेऊंच्या घरातले आजोबा, मुलगा आणि नातू असे तिघे पंतप्रधान झालेले, करामनलिसांकडे काका-पुतणे. हे आपल्याकडच्या वाचकाला वेगळं समजावून सांगायला नको. त्सिप्रासच्या मागे असलं काही नव्हतं. तो जन्मला जुलै १९७४मध्ये, लष्करी राजवट कोसळली त्याच आठवड्यात. शिकून स्थापत्य अभियंता झाला, रमला मात्र डाव्या चळवळीत. त्याच्या सिरिझा आघाडीला २००९मध्ये ४.६ टक्के मतं होती, तर पासोक या सत्ताधारी झालेल्या पक्षाला जवळजवळ ४४. जानेवारी २०१५मध्ये सिरिझा ३६.३ वर गेली आणि पासोक ४.७ वर आला. मधल्या पाच वर्षांत सगळे ग्रीक काही मार्क्सवादी झाले नव्हते. सह्या न केलेला माणूस त्यांना हवा होता, एवढंच.

चाळिसाव्या वर्षी पंतप्रधान झालेल्या या माणसाने टाय न लावता शपथ घेतली, तीही धर्मगुरूंना न बोलावता. तिथून तो थेट कायसरियानीला गेला. १ मे १९४४ला जर्मनांनी तिथे दोनशे कम्युनिस्टांना गोळ्या घातल्या होत्या. त्या स्मारकावर त्याने लाल गुलाब वाहिले. बर्लिनला जे समजायचं ते समजलं असणारच. मग अर्थमंत्री वारुफाकिसची मोटरसायकल, त्याचे शर्ट, याचीच चर्चा जगभर. सफाईवाल्या बायकांना परत घेण्याची घोषणाही झाली. ते दिवस बघायला मोठे छान होते, पण देणेकऱ्याला छान दिवस फार परवडत नाहीत.

पाच महिने वाटाघाटी रेंगाळल्या. जूनच्या अखेरीस त्याने अचानक सार्वमत पुकारलं. ती मतपत्रिका बघण्यासारखी होती. एक लांबलचक प्रश्न, त्यात सावकारांच्या दोन दस्तऐवजांची नावं, आणि उत्तरांत ‘नाही’ वर, ‘होय’ खाली. ज्या प्रस्तावाबद्दल हे विचारलं जात होतं, त्याची मुदत मतदानाआधीच संपली. नाणेनिधीचा हप्ता थकला, बँका बंद झाल्या, एटीएममधून माणशी रोज साठ युरो. मी पुण्यात बसून टीव्हीवर त्या रांगा पाहत होतो. पुढच्याच वर्षी नोव्हेंबरात नोटाबंदीमुळे आपण सगळेच रांगेत उभे राहिलो, म्हणून आता ती चित्रं जास्त कळतात. रांगेतला माणूस चिडतो आणि गप्प बसतो, असा माझा समज होता. ग्रीक मात्र त्या रांगेतून गेले आणि ५ जुलैला ६१ टक्क्यांनी ‘नाही’ म्हणाले.

आठ दिवसांत ब्रसेल्समध्ये सतरा तासांची बैठक झाली आणि त्सिप्रासने होकार दिला. नवं कर्ज ८६ अब्जांपर्यंतचं, अटी बऱ्याच बाबतींत आणखी कडक. संसदेत त्याच्या स्वतःच्या ३२ खासदारांनी विरोधात मत दिलं, आणि ठराव तरला तो ज्यांना हटवून तो आला होता त्या जुन्या पक्षांच्या मतांवर.

त्याला विश्वासघातकी म्हणणं सोपं आहे. मला ते पटत नाही. ग्रीकांना युरोही हवा होता आणि अटीही नको होत्या. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी ती गत. युरोबाहेर पडण्याची तयारी ना तिजोरीची होती, ना लोकांची. त्याचा दोष माझ्या मते वेगळा आहे. हातात पर्याय नसताना त्याने लोकांना प्रश्न विचारला. ‘नाही’चं ओझं घेऊन आपण कुठे जाणार, हे त्याने ठरवलेलंच नव्हतं.

तरीही लोकांनी त्याला हाकललं नाही. ऑगस्टमध्ये त्याने राजीनामा दिला आणि २० सप्टेंबरच्या निवडणुकीत ३५.५ टक्के मतं घेऊन तो परत आला. मला या साऱ्या प्रकरणात सगळ्यांत जास्त कोडं पडतं ते याचं. सही तर याचीही झाली, मग याला मत का? कदाचित भांडून हरलेला माणूस न भांडता सही करणाऱ्यापेक्षा लोकांना जवळचा वाटतो. अर्थात मतदान ५७ टक्क्यांच्याही खाली उतरलं होतं. जे घरीच बसले, त्यांचं उत्तर कुठल्याच पेटीत नाही.

जुलै २०१९मध्ये तो हरला, मित्सोताकिस या माजी पंतप्रधानाच्या मुलाकडून. पण ३१.५ टक्के मतं त्याला तेव्हाही होती. सार्वमताचा राग लोकांनी त्या दिवशी काढला, असं मला वाटत नाही. मध्यमवर्ग करांनी पिचला होता, आणि उत्तरेकडच्या शेजाऱ्याला ‘उत्तर मॅसिडोनिया’ हे नाव मान्य करण्याचा जो करार त्याने केला, तो उत्तर ग्रीसला झोंबला होता. तो करार मला तरी धाडसाचा वाटतो, आणि त्यावरची सही कुणी जबरदस्तीने करून घेतलेली नव्हती.