समासातील नोंद

माझ्या पुतणीचे लग्न होऊन दीड वर्ष उलटले तरी ती माहेरीच होती. इंदापूर तालुक्यातील आमच्या गावात अशा मुलीकडे लोक कसे पाहतात, हे वाचकांना सांगावयास नको. रविवारच्या मिस्सेनंतर चर्चच्या आवारात बायका तिच्या आईला विचारीत, "काय हो, पोरगी अजून इथंच?" त्या विचारण्यात दुष्टपणा नसे. पण पुढे पुढे ती माउली शेवटचे गीत संपण्यापूर्वीच बाजूच्या दाराने निघून जाऊ लागली.

जावई न्यू जर्सीत असतो. मूळ घराणे नगर जिल्ह्यातले, आता अमेरिकेचे नागरिक. लग्न २८ डिसेंबर २०२२ रोजी आमच्याच धर्मग्रामात लागले. त्याची रजा तीन आठवड्यांची होती. तो परत गेला आणि मागे राहिला तो एक अर्ज.

हा कारभार माझ्या वाट्याला आला, कारण घरातला कागदपत्रांचा माणूस मी. बारामतीत छत्तीस वर्षे प्राथमिक शिक्षक होतो. हजेरीपट, दाखले, जनरल रजिस्टर ह्यांत आयुष्य गेले. माझा धाकटा भाऊ निरेच्या कालव्यावर ऊस करतो. त्याला कागदापेक्षा पाण्याची पाळी अधिक कळते. "दादा, तुम्हीच बघा," एवढे बोलून तो मोकळा झाला.

लग्न झाले की ग्रीन कार्ड मिळते, असा आपल्याकडे समज आहे. तसे काही नसते. पती नागरिक असेल तर पत्नीसाठी वार्षिक संख्येची मर्यादा नाही, इतकीच काय ती सवलत. पती स्वतः नुसता ग्रीन कार्डधारक असेल तर रांग आणखी लांबते. प्रथम पतीने तिकडच्या खात्याकडे आय-१३० नावाचा अर्ज करावयाचा. तेव्हा त्याचे शुल्क ५३५ डॉलर होते. तो मंजूर झाला की प्रकरण न्यू हॅम्पशायरमधील राष्ट्रीय व्हिसा केंद्राकडे जाते. तेथे जन्माचा, लग्नाचा, पोलिसांचा दाखला द्यावयाचा आणि मग मुंबईच्या वकिलातीत मुलाखत. शिवाय पतीने एक हमीपत्र द्यावयाचे की, पत्नीचा भार सरकारवर पडू देणार नाही. त्यासाठी त्याचे उत्पन्न गरिबीच्या अधिकृत पातळीच्या सव्वापट हवे. दोघांच्या कुटुंबाला २०२४ साली ते २५,५५० डॉलर होते. ह्या हमीपत्राची एक अट वाचून मी थबकलो. घटस्फोट झाला तरी हमी संपत नाही. जो देश घटस्फोट इतक्या सहज देतो, त्याने हे एक बंधन मात्र न तुटणारे ठेवले आहे.

कल्याणच्या आनंदीबाई जोशी १८८३ साली कलकत्त्याहून बोटीने अमेरिकेस निघाल्या, तेव्हा त्यांना व्हिसा कोणी मागितला नाही. एकटी का जातेस, धर्म बुडवशील काय, हे प्रश्न विचारले ते इकडच्या लोकांनी. पुढे त्या देशाने आशियाई माणसांना दारे बंद केली, आणि १९४६ साली ती उघडली तेव्हा भारतीयांसाठी वर्षाला शंभर जागा ठेवल्या. १९६५ च्या कायद्याने देशवार वाटण्याची ती जुनी पद्धत गेली. हे सारे मी उगाच वाचत बसलो, कारण अर्जाचे उत्तर येत नव्हते आणि मला स्वस्थ बसवत नव्हते.

त्याच रिकाम्या काळात, जून २०२३ मध्ये, पुढे लागणारे कागद आताच जमवून ठेवावे म्हणून मी तिचा जन्मदाखला काढला. तो हातात पडला आणि माझ्या पायांखालची जमीन सरकली. नावाची जागा कोरी होती. नुसते 'स्त्री' एवढेच. आणि जन्मतारीख १४ ऑगस्ट १९९७.

कोऱ्या नावाचे कोडे सोपे होते. प्रसूती इंदापूरच्या दवाखान्यात झाली. बारसे झाल्यावर येऊन नाव नोंदवा, असे सांगितले होते, आणि आम्ही कोणी गेलोच नाही. चर्चमध्ये स्नानसंस्कार झाला, फादरांनी नाव लिहिले, म्हणजे नाव लागले, अशी आमची समजूत. तारखेचे तसे नव्हते. तिच्या पासपोर्टवर, दहावीच्या प्रमाणपत्रावर, सगळीकडे १ जून १९९७ होती. ती तारीख कोठून आली हे घरात कोणाला आठवत नव्हते. मला मात्र पूर्ण आठवत होते.

शिक्षक वाचक आता मनात हसले असतील. आमच्या पिढीतील निम्म्या महाराष्ट्राचा जन्म १ जूनला झाला आहे. २००३ च्या जूनमध्ये भावाने तिला शिकण्यासाठी माझ्याकडे बारामतीस आणून सोडले. सहा वर्षे पुरी होण्यास अडीच महिने कमी पडत होते. पोरीचे वर्ष कशाला वाया घालवा, म्हणून मी माझ्याच शाळेच्या जनरल रजिस्टरात, माझ्याच हाताने, १ जून लिहिली. अशा तारखा मी किती मुलांना वाटल्या असतील, त्याची मोजदाद नाही. पापनिवेदनाच्या वेळी हे कधी ओठांवर आले नाही. ते पाप आहे असे वाटलेच नव्हते. उपकार वाटत होता.

त्याच रजिस्टरात धर्म आणि जात ह्या रकान्यांत काय लिहिले आहे, ते येथे देत नाही. अनुसूचित जातींविषयीच्या १९५० च्या आदेशाने ख्रिस्ती माणसाला सवलतींबाहेर ठेवले. शीख १९५६ साली आणि बौद्ध १९९० साली आत आले, आपण बाहेरच राहिलो. आपल्या भागात चर्चमधील नोंद एक व शाळेतील दुसरी अशी घरे किती आहेत, हे आपले आपण जाणतो. विवाह चर्चमधला आणि दाखला असा. तिकडच्या साहेबाने विचारले तर काय सांगावे, ह्या चिंतेने भावाची झोप उडाली. शेवटी त्या रकान्याविषयी कोणी अवाक्षर काढले नाही. आम्ही सर्वांत अधिक भ्यालो ते नेमके त्यालाच.

जन्मनोंदीत नाव घालण्यास पुरावा हवा होता. शाळेचा दाखला दाखवावा तर त्यावर तारीख वेगळी. कारकुनाने दोन्ही कागद शेजारी ठेवून विचारले, "गुरुजी, ह्यातली मुलगी तुमची कोणती?" मग मी धर्मगुरूंकडे गेलो.

फादरांनी लोखंडी कपाटातून १९९७ ची स्नानसंस्काराची वही काढली. पाने कडांना पिवळी पडलेली. ७ सप्टेंबर, रविवार. तिचे नाव, आईबापांची नावे, धर्मपित्याचे नाव म्हणून माझे, आणि जन्म १४ ऑगस्ट. त्या ओळीच्या शेजारी, समासात, ताज्या निळ्या शाईने तिच्या विवाहाची तारीख आणि पतीचे नाव लिहिलेले होते. लग्न झाले की त्याची नोंद स्नानसंस्काराच्या वहीत त्या व्यक्तीच्या नावापुढे करावी, असा ख्रिस्तसभेचा नियमच आहे. कॅनन कायद्याचे ११२२ वे कलम. मला तो ठाऊक नव्हता. चार कार्यालयांचे उंबरे झिजवून मी ज्या गोष्टी एकमेकींना जोडू पाहत होतो, म्हणजे ही तीच मुलगी, हेच तिचे नाव, हीच तारीख आणि हाच नवरा, त्या येथे एका ओळीत शेजारी शेजारी होत्या. फादर दाखला लिहीत होते आणि मी त्या ओळीतल्या माझ्या नावाकडे पाहत होतो. धर्मपिता म्हणून तिची खरी जन्मतारीख माझ्या साक्षीने लिहिली गेली होती, आणि सहा वर्षांनी खोटी लिहिणाराही मीच.

नाव लागले, पण तारखेसाठी प्रतिज्ञापत्र लागणार होते. वकिलांनी नेहमीचा मसुदा टंकून आणला: 'शाळेत नाव दाखल करताना नजरचुकीने चुकीची तारीख नोंदली गेली.' मी लेखणी हाती घेतली आणि खाली ठेवली. नजरचूक नव्हती. वकील म्हणाले, "गुरुजी, सगळे असेच लिहितात. कशाला ओढवून घेता?" त्यांचे म्हणणे व्यवहाराला धरून होते. निवृत्त माणूस, निवृत्तिवेतनावर घर चाललेले; भीती मलाही वाटली. त्या दिवशी सही न करता घरी आलो. रात्री पत्नी म्हणाली, "पोरगी तिकडे शपथेवर बोलणार, आणि तुम्ही हे सही करून देणार?" दुसऱ्या दिवशी मी ते वाक्य बदलून घेतले: वयाची अट पुरी व्हावी म्हणून मी स्वतः, तारीख खरी नाही हे ठाऊक असता, ती लिहिली. वकिलांनी मान हलवली आणि पुन्हा टंकले. त्या कागदावर २०२४ च्या आरंभी पासपोर्ट दुरुस्त झाला. शाळेची नोंद मात्र विद्यार्थी शाळा सोडून गेल्यावर बदलता येत नाही. ती तशीच राहिली.

मार्चमध्ये अमेरिकेतील अर्ज मंजूर झाला, आणि आता लग्न खरे आहे ह्याचे पुरावे गोळा करणे आले. लग्नाचे फोटो होते. पण साहेबाला नंतरचा संसार पाहावयाचा असतो, आणि ह्यांचा संसार फोनमध्ये होता. ते संदेश छापून घेण्यासाठी मी तिला घेऊन भिगवण चौकाजवळच्या एका झेरॉक्सच्या दुकानात गेलो. यंत्रातून पाने बाहेर पडू लागली आणि दुकानातला पोरगा सहज वाचू लागला. ती मान खाली घालून उभी. मी पुढे झालो आणि प्रत्येक पान उलटे करून रचू लागलो. तरी एका पानावर नजर गेलीच. त्याने विचारले होते, "तुला कोणती भाजी आवडत नाही?" तिचे उत्तर होते, "हे लग्नाआधी विचारायचं असतं." मला ओशाळल्यासारखे झाले. लग्न जुळवताना मुलाचा पगार, घर, धर्मप्रांत, आजोबांचे गाव, सगळे आम्ही विचारले होते. ह्या दोघांना एकमेकांशी बोलण्यास आम्ही दिली ती एक दुपार, तीही ओसरीवर, सगळ्यांच्या देखत. मुलाखतीत काय विचारतील म्हणून ती दोघे रोज रात्री एकमेकांना प्रश्न विचारीत. तुझी बहीण काय करते, तू किती वाजता उठतोस, तुझा कोणाशी अबोला आहे. त्यातूनच त्यांची खरी ओळख झाली, असे ती मला पुढे म्हणाली.

मुलाखत नोव्हेंबर २०२४ मध्ये झाली. आम्ही आदल्या दिवशी मुंबईस गेलो, वांद्र्याच्या मोत माउलीला मेणबत्ती लावली. भारतातील अशा व्हिसांच्या मुलाखती मुंबईतच होतात, म्हणून वांद्रे-कुर्ला संकुलातील त्या पदपथावर पंजाबपासून केरळपर्यंतची माणसे उभी होती. आत फोन नेता येत नाही. तिचा फोन आणि पिशवी सांभाळीत मी उन्हात उभा राहिलो. शेजारी एक वृद्ध शीख गृहस्थ होते, त्यांची नात आत गेलेली. दोघांची भाषा निराळी. त्यांनी मला आपल्या बाटलीतले पाणी दिले.

ती अडीच तासांनी बाहेर आली. अधिकाऱ्याने लग्नाला किती माणसे होती, पती काय काम करतो, तो पुन्हा कधी येऊन गेला, हे विचारले. मग पासपोर्ट उलटून विचारले की, अर्ज केल्यावर तुझी जन्मतारीख का बदलली?

"काय सांगितलंस?"

"सांगितलं, माझ्या काकांनी शाळेत घालताना वय वाढवून लिहिली. ते शिक्षक होते. त्यांनीच हे लिहून दिलंय."

"मग?"

"त्यांनी तुमचा कागद वाचला. दोनदा वाचला. आणि पुढचा प्रश्न विचारला."

व्हिसा मिळाला. आणि तेथे मी पुन्हा एकदा शहाणपणा केला. अमेरिकेत १९८६ साली खोट्या लग्नांविरुद्ध कायदा झाला. त्या देशात पाऊल ठेवताना लग्नाला दोन वर्षे पुरी झालेली नसतील तर ग्रीन कार्ड दोनच वर्षांचे, सशर्त मिळते. ते संपण्यापूर्वीच्या ९० दिवसांत पतिपत्नींनी मिळून पुन्हा अर्ज करावयाचा, पुन्हा पुरावे द्यावयाचे. दोन वर्षे झाली असतील तर दहा वर्षांचे कार्ड, अट नाही. आमचा दोन वर्षांचा दिवस २८ डिसेंबर. तो जेमतेम तीन आठवड्यांवर होता. मी म्हणालो, "एवढी थांबलीस, नाताळ इथे कर आणि नवीन वर्षात जा. पुढचा सगळा त्रास वाचेल." भाऊही माझ्या बाजूने होता. त्यात लबाडी काही नव्हती, अनेक जण तसे करतात.

ती पिशवी भरीत होती. म्हणाली, "काका, तारखेसाठी थांबायचं तर मी पहिलीलाच एक वर्ष थांबले असते." आणि हसली. पुढे म्हणाली, "त्यांचा एक नाताळ एकट्याने गेलाय."

१७ डिसेंबरला ती गेली. चर्चच्या आवारात बायकांनी तिच्या आईला घेरले, आणि ती त्या रविवारी पुढच्या दाराने बाहेर पडली.

कार्ड दोन वर्षांचे मिळाले, डिसेंबर २०२६ पर्यंतचे. विजेचे बिल, घरभाड्याचा करार, दोघांच्या नावाचे बँकखाते, सगळे एका खोक्यात साठवते आहे, असे ती फोनवर सांगते. कार्डावर जन्मतारीख १४ ऑगस्ट १९९७ आहे. २०२५ च्या १४ ऑगस्टला आम्ही तिला पहिल्यांदा त्या दिवशी वाढदिवसाचा फोन केला. १ जूनला सवयीने केलेला होताच. तोही तिने घेतला होता, आणि काही बोलली नव्हती.