दाढीवाला पाहुणा

माणसानें काय पाळावें याविषयीं आमच्या गडब गांवांत पिढ्यान् पिढ्या एकमत आहे. गाय, म्हैस, कोंबडीं, कुत्रा हीं पाळावयाचीं. मांजर आपण होऊन राहावयास येतें. आणि सरडा हा कुंपणावरचा. त्यामुळें आमच्या अभ्यासाच्या खोलींत, काचेच्या पेटींत, हातभर लांबीचा एक सरडा दिव्याखालीं पहुडलेला असतो ही वार्ता फुटली, तेव्हां शेजारीणबाईंनीं आमच्या पत्नीला हळूच विचारलें, "वहिनी, भाऊंची प्रकृति बरी आहे ना?"

प्रकृति बरी आहे. सरडा आमच्या भाच्याचा. दोन वर्षांपूर्वीं तो शिक्षणासाठीं मेलबर्नला निघाला आणि "मामा, सहा महिन्यांचा तर प्रश्न आहे," असें म्हणून पेटी आमच्याकडे ठेवून गेला. या प्राण्याला इंग्रजींत 'बिअर्डेड ड्रॅगन' म्हणतात. राग आला कीं हनुवटीखालचे कांटे फुलवून तो तेवढा भाग काळा करतो, म्हणून ती दाढी. ड्रॅगनपणाचें मात्र आम्हांस अद्याप कांहीं दिसलेलें नाहीं. आम्ही त्याला 'बुवा' म्हणतों. गांवांत कोणी घोरपडीचें पिल्लू समजले. घोरपड घरांत ठेवणें १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें गुन्हा आहे, म्हणून तो समज तातडीनें दूर करावा लागला. सरड्याची धांव कुंपणापर्यंत असें आपण म्हणतों. बुवांचें कूळ ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागांतील कोरड्या प्रदेशांतलें आहे.

कुत्र्याला भाकरी लागते. बुवांना सूर्य लागतो. स्वतःच्या अंगांत ऊब निर्माण करण्याची सोय निसर्गानें त्यांना दिलेली नाहीं. म्हणून पेटीच्या एका टोकास ४० अंशांच्या आसपास उष्णता राखावयाची, दुसऱ्या टोकास २५ च्या आसपास; थंडावले कीं इकडे, तापले कीं तिकडे, असा त्यांचा दिवस जातो. खिडकीच्या कांचेंतून येणारें ऊन त्यांच्या कामाचें नाहीं, कारण त्यांना हवे असलेले अतिनील किरण कांच अडविते. ते न मिळाले तर 'ड' जीवनसत्त्व तयार होत नाहीं, अन्नांतलें कॅल्शियम अंगीं लागत नाहीं, आणि हाडें मऊ होऊन वांकतात. त्या किरणांसाठीं वेगळी नळी लावावी लागते. तिची गंमत अशी कीं, डोळ्यांना ती लख्ख दिसत असतांनाच तिच्यांतलें सत्त्व संपत जातें. (अशा नळ्या आमच्या अध्यापनाच्या व्यवसायांतहि पुष्कळ पाहिल्या.) बदलण्याची तारीख म्हणून वहींत लिहून ठेवावी लागते.

लहानपणीं हे सरडे मुख्यतः किडे खातात, वयांत आल्यावर बव्हंशीं शाकाहारी होतात. परसांतला शेवग्याचा पाला, लाल भोपळ्याचा कीस, जास्वंदीचें फूल यांवर बुवा प्रसन्न असतात. आणि अधूनमधून, पत्नीच्या नजरेआड, रातकिडे. मृगाच्या सुमारास काजवे दिसूं लागले कीं मात्र आम्ही खिडक्या लावून घेतों. अमेरिकेंत काजवे खाऊन हे सरडे मेल्याची नोंद आहे. आमच्याकडच्या काजव्यांची परीक्षा पाहण्याची आमची इच्छा नाहीं.

खरी कसोटी आषाढांत. खाडी जवळ, भोंवतीं खारजमिनी, वर कोंकणचा पाऊस. जेथें बरणींतल्या मिठाला पाणी सुटतें, तेथें या कोरड्या मुलखाच्या रहिवाशाला कोरडी हवा कोठून द्यावी? दमट गारठ्यानें यांच्या फुप्फुसांना विकार जडतो. गेल्या वर्षीं सलग दोन दिवस वीज नव्हती. दिवा नाहीं म्हणजे ऊब नाहीं, आणि ऊब नाहीं म्हणजे खाल्लेलें पचत नाहीं. म्हणून आम्हीं अन्न बंद केलें. दुसऱ्या दिवशीं दुपारीं बुवा काळवंडून, डोळे मिटून पडले. तोंवर पेटीला बोटहि न लावलेल्या पत्नीनें रबरी पिशवींत गरम पाणी भरलें, ती जुन्या लुगड्यांत गुंडाळली, बुवांना तिच्यावर ठेवलें आणि रात्रभर ती पाणी बदलीत बसली. पहांटे बुवांनीं एक डोळा उघडला आणि पिशवीला अधिकच घट्ट बिलगले. तें प्रेम होतें असें ती म्हणते. आमच्या मतें बुवांना पिशवी हवी होती. पण हें आम्हीं बोलून दाखविलेलें नाहीं.

सहा महिन्यांचीं आतां दोन वर्षें झालीं. भाचा तिकडे नोकरींत स्थिरावला. तो बुवांच्या देशांत नांदतो आहे, आणि बुवा त्याच्या आजोळीं. अदलाबदल करावी म्हटलें तरी होणार नाहीं. ऑस्ट्रेलिया आपले सरडे व्यापारासाठीं बाहेर जाऊं देत नाहीं, आणि बाहेरचे पाळीव सरडे आंतहि घेत नाहीं. जगाच्या बाजारांत दिसणारे त्यांचे भाईबंद पूर्वीं चोरून नेलेल्यांचे वंशज मानले जातात. रानांत सोडावें, तर पावसाळा निघणार नाहीं. शिवाय परका प्राणी आपल्या रानांत सोडणें हा रानावरहि अन्यायच. "मामा, कोणाला तरी देऊन टाका," असें भाचा फोनवर म्हणतो. दोघेजण येऊनहि गेले. दोघांनींहि किंमत विचारली. दिव्याविषयीं कोणीं विचारलें नाहीं. त्यांना चहा देऊन आम्हीं निरोप दिला.

नीट सांभाळले तर हे सरडे १० ते १५ वर्षें जगतात. बुवा ४ वर्षांचे आहेत, आम्ही ५६. गणिताचा आणि आमचा स्नेह कधींच नव्हता, पण ही बेरीज आम्हीं रात्रीं एकदोनदां मांडून पाहिली आहे.

रोह्याला आमच्या पुतणीची मुलगी आठवींत शिकते. सुट्टीच्या दिवशीं येऊन ती शेवग्याचा पाला खुडते, पेटी पुसते, बुवांचें वजन करून लिहिते. मागच्या रविवारीं तिनें विचारलें, "आजोबा, नळी तर लख्ख दिसते आहे, मग ती बदलायची कशाला?" आम्हीं कपाटांतली वही काढून तिच्या हातीं दिली.