येणे-देणे

अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यात, सॅन ह्वान पर्वताच्या पायथ्याशी, ॲनिमस नदीच्या काठी डुरँगो हे लहानसे गाव वसले आहे. सांगलीच्या हळदपेठेतून गेलेल्या एका जैन कुटुंबाने तेथे बावीस वर्षे एक छोटे मोटेल चालविले. ते विकून कुटुंब मोठ्या शहरात गेले, त्यालाही आता पंधरा वर्षे लोटली. यंदा दशलक्षण पर्व संपताच वृद्ध वडील मुलाला म्हणाले, "एकदा गाव बघून येऊ." मुलालाही यायचे होते, कारण मात्र त्याने मनातच ठेवले होते.

मेन ॲव्हेन्यू ही गावाची जुनी पेठ. दुतर्फा लाल विटांच्या दुमजली-तिमजली इमारती, आणि दक्षिण टोकाला रेल्वेचे स्थानक. डोंगरउतारांवर ॲस्पेनची पाने पिवळी पडू लागली होती. अण्णा काठी टेकत चालले होते आणि दर चार दुकानांपाशी थांबत होते. माल बदलला होता, पाट्या बदलल्या होत्या. भिंती त्याच होत्या.

या पेठेचा इतिहास व्यापाऱ्याने आवर्जून ऐकावा असा आहे. रेल्वे कंपनीला येथे मार्ग आणायचा होता, तेव्हा नदीच्या वरच्या अंगाला ॲनिमस सिटी हे गाव आधीच वसलेले होते. कंपनीच्या अटी त्या गावाला मान्य झाल्या नाहीत. म्हणून 1880 साली कंपनीने दोन मैल खाली स्वतःचे नवे गाव आखले, तेच डुरँगो. पाहता पाहता व्यापार तिकडे सरकला आणि जुने गाव मागे पडले. 1882 साली सिल्व्हरटनच्या खाणींपर्यंत तीन फुटी रूळ पोहोचले, खनिज खाली येऊ लागले, भट्ट्या पेटल्या. 1889 च्या जुलैत पेठेला भीषण आग लागली. तीतूनही पेठ पुन्हा उभी राहिली.

पुढचा आघात दूरवरून आला, आणि त्याचे एक टोक हिंदुस्थानात होते. जून 1893 मध्ये ब्रिटिश सरकारने येथील टांकसाळी खासगी चांदीसाठी बंद केल्या. चांदीचा भाव कोसळला आणि कोलोरॅडोतील खाणी धडाधड बंद पडल्या. त्याच वर्षी अमेरिकन सरकारनेही आपली चांदीची खरेदी थांबविली. ज्या मालावर गाव उभे होते, त्यालाच गिऱ्हाईक उरले नाही. तरीही गाव टिकले. आज त्याच रुळांवरून वाफेचे इंजिन प्रवाशांना सिल्व्हरटनला नेते आणि पेठेचा बराचसा संसार त्या पाहुण्यांवर चालतो.

चालता चालता दोघे स्ट्रेटर हॉटेलसमोर आले. 1887 साली बांधलेली ही चार मजली इमारत आजही पाहुण्यांचे स्वागत करते. मुलाचे पाय तेथे थांबले.

"अण्णा, मला तुम्हांला एक सांगायचे आहे," तो म्हणाला. "शाळेत असताना मी मित्रांना सांगत असे, की माझे वडील या हॉटेलात मोठे अधिकारी आहेत. एकदा एका मित्राच्या वडिलांनी मला गाडीतून सोडले, तेव्हा मी याच दाराशी उतरलो होतो. आपल्या मोटेलची, ऑफिसमागच्या त्या दोन खोल्यांची मला लाज वाटे."

अण्णा बराच वेळ त्या इमारतीकडे पाहत राहिले.

"मला ठाऊक आहे. मी साबण आणि चादरी घ्यायला पेठेत आलो होतो. तू दारातून आत शिरलास आणि ते लोक गेल्यावर बाहेर आलास. मी गाडी पुढच्या गल्लीत नेऊन उभी केली, तू चालत तिथवर येईपर्यंत."

मुलाला ती संध्याकाळ आठवली. वडील योगायोगाने भेटले, असेच त्याने इतकी वर्षे धरले होते.

"अण्णा, क्षमा करा."

"मग माझेही ऐक," अण्णा म्हणाले. "दर रविवारी पहाटे तुला उठवून मी खोल्या झाडायला लावत असे. तुझी पोरे खेळायला जात, तू बादली घेऊन फिरत असस. तुला काय वाटते, हे मी एकदाही विचारले नाही. धंद्याचा हिशेब रोज लिहिला. हा लिहिलाच नाही. तूही क्षमा कर."

क्षमावाणीच्या दिवशी शेकडो जणांना हात जोडणारी माणसे घरातल्या माणसापुढे मात्र ते दोन शब्द अनेकदा राखून ठेवतात. तेथे बाकी सर्वांत जुनी असते आणि तिला तारीख घातलेली नसते.

सूर्यास्त व्हायला थोडा अवकाश होता. स्थानकाजवळच्या बाकावर बसून दोघांनी घरून आणलेल्या दशम्या खाल्ल्या. मग ते पेठेच्या उत्तरेला, एके काळी ॲनिमस सिटी होती त्या भागात, आपल्या जुन्या मोटेलपाशी गेले. नवा मालक ओळखीचा नव्हता. अण्णांनी आपली ओळख दिली नाही. एका रात्रीचे भाडे मोजले आणि किल्ली घेतली.

सकाळी निघताना मुलाने दोन्ही पलंगांवरच्या चादरी घडी करून पायथ्याशी ठेवल्या आणि कचऱ्याची टोपली रिकामी केली. अण्णा दारात उभे राहून पाहत होते. या वेळी त्याला कोणी सांगितले नव्हते.