जांभ्यातली फट

देवगडच्या बाजूला एका सड्यावर काकांनी कोयत्याने करवंदाची जाळी बाजूला केली तेव्हा ते तोंड दिसलं. ओणवं होऊन जेमतेम शिरता येईल एवढं. "भितर साळिंदर असता. जपान जावा," म्हणाले आणि बाहेरच विडी पेटवून बसले. जमीन त्यांचीच. बीळ सगळ्या गावाला ठाऊक. आतल्या किड्यांची चौकशी मात्र कुणी केली नव्हती.

मास्क लावूनच आत गेले. वटवाघळांच्या विष्ठेत हिस्टोप्लाझ्मा ही बुरशी वाढते आणि फुप्फुसाला बाधते. म्हणून किडे तोंडाने ओढायची नळी इथे बाद. रबरी फुगा लावलेली वापरायची. अगदी मऊ जिवांना अल्कोहोलात बुडवलेल्या बारीक ब्रशाचं टोक टेकवलं की ते चिकटून येतात.

पहिल्या वळणापर्यंत उजेड होता. भिंतीवर रातकिडे, मिशा अंगाहून लांब. त्यांच्याशेजारी कोळ्याच्या गणगोतातला एक अँब्लिपिजिड चपटा होऊन बसलेला. अवतार भयंकर, पण नांगी नाही आणि विषही नाही. त्याच्या पायांची पहिली जोडी चालायची नसतेच. दोरीसारख्या त्या लांब पायांनी तो फक्त चाचपतो. माझ्या बुटाची नाडी त्याने सावकाश तपासली आणि नापसंत केली.

वळणापलीकडे अमोनियाने डोळे चुरचुरायला लागले. इथे हिरवं पान नाही; खाणं सारं बाहेरून, वटवाघळांच्या पोटातून येतं. बॅटरीच्या झोतात विष्ठेचा ढीग अक्षरशः हलत होता : झुरळं, माइट, उड्या मारणारे स्प्रिंगटेल. प्रत्येकातले मोजकेच उचलले. सापळे पुरून निघून जाणं सोपं असतं, पण ते आपल्या पाठीमागेही मारत राहतात, आणि एवढ्याशा वस्तीला ते झेपत नाही. कुपीत घातलेली चिठ्ठी पेन्सिलीचीच. शाई अल्कोहोलात विरघळते, आणि जागा न लिहिलेला किडा अभ्यासाला निरुपयोगी.

मग तो पांढरा दिसला. ओल्या भिंतीवर, तांदळाच्या कणीएवढा, कुंडीखालच्या करड्या किड्यांच्या कुळातला. ब्रश नेईपर्यंत जांभ्याच्या भोकात गेला. बराच वेळ थांबले, आला नाही. तो कशाला येईल? त्याचं घर ते भोक होतं. जिला आपण गुहा म्हणतो ती माणसाला शिरता येईल एवढी रुंद फट, बाकी काही नाही. खरी वस्ती तिच्या भोवतीच्या, बोटही न जाणाऱ्या भेगांत. उष्ण प्रदेशातल्या लाव्हाच्या गुहांत काळोखाला सरावलेले खास जीव नसणार, असं पूर्वी मानत. १९७१ मध्ये फ्रान्सिस हॉवर्थ यांना हवाईत ते सापडले. आपला जांभा तर मुळातच सच्छिद्र. केरळात जांभ्यातल्या विहिरींतून आंधळे मासे वर आले आहेत. त्यांतल्या होराग्लॅनिस कृष्णाई या जातीचं वर्णन १९५० मध्ये झालं.

बाहेर आल्यावर काकांना हे सांगितलं. ते म्हणाले, चिरेखाणीत यंत्राखाली अशी पोकळ भोकं कितीदा लागतात. आता खाणीवरच्या मुलांकडे माझा नंबर आहे. भोक लागलं की फोन करायचा, ते बुजवायच्या आधी. काकांच्या विहिरीत बारीक जाळं सोडायचंही ठरलं होतं. काकूंनी साफ नकार दिला. पिण्याच्या पाण्यात किडे आहेत हे सिद्ध करून मला काय मिळणार, असं त्यांचं म्हणणं.